पाखरू पाहिल्याची साक्ष

पुण्यासारख्या शहरात रविवारची साखरझोप मोडून टेकडीवर पाखरे पाहावयास जाणारी काही माणसे असतात. शेजारीपाजारी त्यांची गणना निरुपद्रवी वेड्यांत करतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही. प्रस्तुत लेखक गेली तीस वर्षे या वेडात सामील आहे. आमचे मंडळ लहान. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. एक निवृत्त शाळामास्तर, बँकेतील एक कारकून, एक डॉक्टरीणबाई, दोघेतिघे विद्यार्थी आणि महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारा मी, एवढीच काय ती मूळ मंडळी. सकाळी वेताळ टेकडी, पाषाणचा तलाव किंवा सोलापूर रस्त्यावरील कवडीपाट येथे हिंडावयाचे, आणि परतल्यावर मास्तरांच्या ओसरीवर चहा घेता घेता प्रत्येकाने आपण काय पाहिले ते सांगावयाचे, असा आमचा क्रम असे. मास्तर ते एका लांबट हिशेबी वहीत उतरून घेत. तारीख, वेळ, स्थळ, पाखरू, संख्या. आणि शेवटच्या रकान्यात पाहणाऱ्याचे नाव.

त्या वह्या आज चाळल्या म्हणजे पंचांगाच्या शेजारी ठेवण्याजोगे दुसरे एक पंचांग हाती येते. ज्येष्ठाच्या तोंडाशी, पाऊस येण्यापूर्वी थोडे दिवस, आफ्रिकेहून समुद्र ओलांडून चातक येतो. त्याच सुमारास पावशा ओरडू लागतो, आणि त्याच्या ओरडण्यात आमच्या शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’ अशी हाक ऐकू येते. पावसात सुगरणींची घरटी विणली जातात. आश्विनात नदीकाठी शेपटी हालवीत धोबी उतरला की उत्तरेकडे थंडी पडू लागली असे समजावे. संस्कृत कवींनी रात्री ज्यांची ताटातूट करविली ते चक्रवाक मार्गशीर्षात कवडीच्या फेसाळ, मळकट पाण्यात जोडीजोडीने उभे असलेले दिसतात. कवींचा शाप त्यांच्या गावी नसतो. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलले म्हणजे त्यांवर भोरड्यांचे थवे लोटतात, आणि चैत्र-वैशाखात तेच थवे मध्य आशियाची वाट धरतात. एकट्या मनुष्याच्या डोळ्यांना हे चक्र पुरते दिसत नाही. दहाजणांनी आपापले तुकडे आणून एकत्र ठेवावेत, तेव्हा कोठे ते पुरे होते.

परंतु या वह्यांतील प्रत्येक ओळ एकाच शब्दाच्या आधारावर उभी आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘पाहिले’. न्यायालयात साक्षीदाराच्या जोडीस मुद्देमाल असतो. येथे मुद्देमाल केव्हाच उडून गेलेला असतो. छायाचित्र घेण्याची साधने आज हातोहाती झाली आहेत हे खरे. तथापि झुडपातून झुडपात शिरलेल्या पाखराचे चित्र दरवेळी मिळतेच असे नाही, आणि अजूनही बहुतेक नोंदी सांगणाऱ्याच्या शब्दावरच घेतल्या जातात. तेव्हा प्रश्न असा की, ‘मी पाहिले’ असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो? आणि तो प्राप्त झाल्यावर, पाहिलेले सर्व सांगण्याचे बंधन त्याजवर असते काय?

एका पाखरावरून एवढा मोठा प्रश्न उभा करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. माझ्या मते प्रकरण क्षुल्लक आहे म्हणूनच ते परीक्षेस चांगले. येथे खोटे बोलून पैसा मिळत नाही, खरे बोलून शिक्षा होत नाही, आणि चूक उघडकीस आणील असा दुसरा साक्षीही बहुधा जवळ नसतो. जेथे लाभ नाही, भय नाही आणि पहारा नाही, तेथे मनुष्य सत्याशी कसा वागतो हे पाहणे बोधप्रद असते. मला हा बोध स्वतःवरूनच झाला, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

१९९६ सालचा मे महिना संपत आला होता. वर्षाचा पहिला चातक कोणास दिसतो याविषयी आमच्यात एक मुकी चढाओढ असे. मास्तरांनी अनेक वर्षांच्या तारखांचा एक आलेख आखून ओसरीच्या भिंतीवर लावला होता, आणि प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरात पाहणाऱ्याचे नाव होते. माझे नाव त्यात एकदाही नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच टेकडीवर गेलो होतो. उजेड मावळत असता बाभळीआडून एक काळेपांढरे, लांबट शेपटीचे पाखरू निघाले. त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा क्षणभर चमकला आणि ते उतारावरच्या झाडीत नाहीसे झाले. आता, दयाळ नावाचा जो आपल्या बागांतून गाणारा पक्षी, तोही काळापांढराच असतो, आणि त्याच्याही पंखावर पांढरा पट्टा असतो. डोक्यावर तुरा असेल तर तो चातक. मी तुरा पाहिला नव्हता. परंतु टेकडी उतरता उतरता तो तुरा हळूहळू उगवू लागला. पायथ्याशी येईतो शेपटीही थोडी वाढली. मास्तरांच्या ओसरीवर मी पाऊल ठेवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सर्व लक्षणांनी युक्त असा चातक उभा होता, आणि “तुरा स्पष्ट दिसला” असे मी बोलून गेलो.

मास्तरांनी आनंदाने वही उघडली, आलेखावर ठिपका दिला आणि त्याखाली माझे नाव घातले. पुढे तीन दिवस ते रोज संध्याकाळी टेकडी चढले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते आणि गुडघे दुखत असत. तिन्ही दिवस ते रिकाम्या हाती परतले, आणि प्रत्येक वेळी मला म्हणाले, “नशीब तुमचे, प्रोफेसर.”

मी खोटे बोललो काय? त्या वेळी विचारले असते तर मी तळमळून नाही म्हटले असते, आणि तेही प्रामाणिकपणे. हेच या प्रकारातील दुर्घट आहे. आपण असत्याची कल्पना करतो ती अशी की, मनात एक गोष्ट पक्की ठाऊक असून मनुष्य तोंडाने दुसरी सांगतो. असे असत्य सज्जनांच्या हातून क्वचितच घडते. त्यांच्या हातून घडते ते निराळे: अर्धे पाहावयाचे आणि उरलेले अर्धे इच्छेने भरून काढावयाचे. आपल्या तत्त्वज्ञांनी दोरीवर भासणाऱ्या सर्पाचे उदाहरण शतकानुशतके वापरले. पण तेथे भ्रम उत्पन्न करते ते बहुधा भय. लोभानेही दोरीचा सर्प होतो, आणि कीर्तीच्या लोभाने तर दयाळाचाही चातक होतो, हे मला त्या टेकडीने शिकविले.

न्यायसूत्रकारांनी प्रत्यक्षाचे लक्षण करताना हे ज्ञान अव्यभिचारी आणि निश्चयात्मक असावे अशी अट घातली आहे. निश्चय झाला नाही तर तो संशय. आणि त्या संशयास त्यांनी आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरे स्थान दिले आहे. संधिप्रकाशात दूरवर उभा दिसतो तो खांब की मनुष्य, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. मी हे सर्व वर्गात दरवर्षी शिकवीत होतो. संशय हा ज्ञानाचा दोष नसून ज्ञानाकडे जाणारी एक पायरी आहे, असे फळ्यावर लिहीतही होतो. ‘चातक असावा, तुरा दिसला नाही’ एवढे पाच शब्द वहीत लिहविले असते, तर ती नोंद खरी झाली असती आणि उपयोगाचीही. पण तसे लिहविल्याने आलेखावर ठिपका पडला नसता.

ही लबाडी तीन वर्षे वहीत झाकून राहिली. तिला वाचा फुटली ती एका घुबडामुळे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड खानदेशात व मध्य भारतातील सागाच्या रानांत राहते. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे नामांकित पक्षिशास्त्रज्ञही होते. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून व हौशी निरीक्षकांकडून नोंदी मागवून ते ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवीत; आमच्या ओसरीवरचाच तो उद्योग, फक्त हिंदुस्थानाएवढा. त्यांनी १८७३ साली या पिंगळ्याचे प्रथम वर्णन केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहाद्याच्या बाजूस त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो कोणाच्याही हाती लागला नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रख्यात संग्राहकाच्या संग्रहात एक नमुना होता, आणि तो आपण १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळविला, अशी चिठ्ठी त्यांनी त्यास बांधलेली होती.

कर्नलसाहेबांचा शब्द, त्यावर शंका कोण घेणार? रानपिंगळा १९१४ पर्यंत तरी होता आणि गुजरातेतही होता, असे ग्रंथांत नमूद झाले आणि पुढील शोधाची दिशा त्यामुळे चुकली. अखेर पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी नायजेल कॉलर यांच्यासह तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा जे निष्पन्न झाले ते थक्क करणारे होते. तो पिंगळा डेव्हिडसनने मिळविलेल्यांपैकीच एक होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरला गेला होता, त्यात नव्याने भर घालून त्याचे रूप पालटले होते आणि त्यास खोट्या स्थळाची व खोट्या तारखेची चिठ्ठी बांधली होती. ही खोटी नोंद बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधाराने रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे हिंदुस्थानात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा, एका झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांस दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुढे तो मेळघाटात आढळला, आणि २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

या बनावटीचा सविस्तर वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून मी प्रथम कर्नलसाहेबांवर यथेच्छ संतापलो. ज्यास धन, मान, विद्या यांपैकी कशाचीही वाण नव्हती त्या मनुष्याने हे करावे! पण त्या रात्री झोप येईना. त्यांनी चोरी केली होती आणि मी केली नव्हती, हा भेद मोठा आहे आणि तो मी आजही सोडीत नाही. तथापि ज्या ठिकाणी हानी झाली ते ठिकाण दोघांचे एकच होते. असत्याने हानी होते ती केवळ सत्याची नव्हे. विश्वास ठेवणाऱ्याच्या श्रमांची होते. तिकडे जाणत्या माणसांचा शोध भलत्या दिशेस गेला, आणि इकडे एका वृद्धाचे गुडघे तीन संध्याकाळी टेकडीवर झिजले.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते रागावतील ही भीती होती; ते हसण्यावारी नेतील ही त्याहून मोठी भीती होती. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. १९९६ ची वही काढून पान उघडले आणि लेखणी माझ्या हातात दिली. मी ती ओळ गिरवून काळी करू लागलो तोच त्यांनी हात धरला. म्हणाले, “खोडा, पण खोडलेले दिसेल असे खोडा. खाली काय होते ते वाचता आले पाहिजे.” मी एक सरळ रेघ ओढली. तिच्या शेजारी त्यांनी मला लिहावयास सांगितले: ‘निश्चित पाहिले नव्हते. पाहणाऱ्याने स्वतः मागे घेतले.’ खाली त्या दिवसाची तारीख. मग त्यांनी चहा टाकावयास सांगितले.

आपण निर्दोष असल्याचे दाखविण्यासाठी पान फाडण्याची इच्छा मनुष्यास होते. परंतु फाडलेल्या पानाच्या वहीवर कोण विश्वास ठेवील? जी वही आपल्या चुका वाचू देते, तिच्यातील न खोडलेल्या ओळींना त्यामुळेच वजन येते. माणसाचेही याहून निराळे असेल असे मला वाटत नाही.

येथून विश्वासाचा दुसरा प्रश्न निघतो: शब्द कोणाचा मानावा? न्यायशास्त्रात ‘शब्द’ हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे, पण ते आप्ताचा शब्द असेल तर. आणि आप्त कोण, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनांनी जे म्हटले आहे ते आजही मनन करण्याजोगे आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तत्व कुळावर नाही, वेशावर नाही, पदवीवरही नाही. याचा दाखला आमच्या क्षेत्रात ढळढळीत आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी आंध्रात १९०० नंतर कोणास दिसला नव्हता व तो नामशेष झाला असेच समजत. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था; तिने त्याची चित्रे गावोगाव दाखवून चौकशी चालविली. कडप्पा जिल्ह्यातील ऐतण्णा नावाच्या एका पारध्याने हे पाखरू आपणांस ठाऊक आहे असे सांगितले, आणि १९८६ च्या जानेवारीत रात्री विजेरीच्या उजेडात त्याने ते धरूनही आणले. कर्नलाचा शब्द खोटा ठरला आणि पारध्याचा खरा. ज्या समाजात साक्षीचे वजन साक्षीदाराच्या कोटावरून ठरते, त्या समाजास या दोन पाखरांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

आता उरला तो अधिक बिकट प्रश्न. खरे पाहिले, निश्चित पाहिले. ते सांगितलेच पाहिजे काय? एका वर्षी शहराबाहेरील एका जुन्या दगडखाणीत शृंगी घुबडाच्या जोडीने अंडी घातली. ही बातमी सर्वांस सांगितली म्हणजे काय होते याचा अनुभव आम्हांस होता. छायाचित्रे घेणारांची रीघ लागते, पक्षी घरट्यावरून उठतात, अंडी उन्हात करपतात. शिवाय आमच्या देशात अंधश्रद्धेपायी घुबडांचा बळी देणारेही आहेत, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांच्यापर्यंत दरवेळी वेळेवर पोचतो असे नाही. मंडळातील एकाने सुचविले की वहीत भलत्याच खाणीचे नाव लिहावे, म्हणजे कोणी विचारले तरी धोका नाही. हेतू शुद्ध होता.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा श्रीकृष्णाने अर्जुनास सांगितली आहे. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या कौशिकास चोरांनी विचारले, पळालेले लोक कोणीकडे गेले? त्याने व्रतास जागून ठिकाण दाखविले. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला. सत्य सांगणे हे निर्जीव यंत्राचे काम नव्हे. कोणास आणि कशासाठी सांगतो याचा विचार त्यात अंतर्भूत आहे, हा त्या कथेचा अर्थ उघड आहे. तेव्हा खाणीचे नाव सांगू नये, हे ठरले. परंतु भलते नाव सांगावे काय? कथेत श्रीकृष्ण अशा प्रसंगी असत्यासही मोकळीक देतो, आणि चोर दारात उभा असता मीही कदाचित ती घेईन. मास्तरांनी मात्र वहीपुरती ती नाकारली. ते म्हणाले, “चोर आज विचारतो आणि उद्या निघून जातो. वही शंभर वर्षांनी वाचली जाते.” आणि त्यांनी लिहिले: ‘शृंगी घुबड, जोडी, अंडी दोन. स्थळ हेतुतः दिलेले नाही.’

मला वाटते, सत्यनिष्ठेचा सारा विवेक त्या शेवटच्या वाक्यात आहे. आपण काही राखून ठेवीत आहोत, हे त्यात लपविलेले नाही. मौन आणि असत्य यांतील भेद शब्दांच्या संख्येचा नाही. मौन धरणारा दुसऱ्याच्या ज्ञानात एक रिकामी जागा सोडतो आणि ती रिकामी आहे हे त्यास कळू देतो. असत्य बोलणारा ती जागा माती लोटून बुजवितो, आणि पुढचा मनुष्य त्या मातीवर घर बांधू लागतो. मांडवीचा पिंगळा हे असलेच एक घर होते.

या विवेकाची आणखी एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. दुर्मिळ तेवढे सांगावे आणि नित्याचे गाळावे, ही हौशी माणसाची मोठी खोड. चिमणी कोण लिहितो? आमच्या आरंभीच्या वह्यांत चिमण्यांची नोंद जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्या कमी झाल्या काय आणि कधीपासून, याचे उत्तर आज आम्हांस देता येत नाही. यातील एकही ओळ खोटी नाही, आणि तरी ती वही संपूर्ण खरी नाही. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांवर निरीक्षकांनी दिलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे, आणि अनेक जाती घटत चालल्याचे त्यातून दिसते. हे अनुमान शक्य झाले त्याचे एक मोठे कारण असे की, नोंद करणाऱ्या पुष्कळांनी मोरनाच्यासारख्या नवलाबरोबर कावळा आणि साळुंकीही निमूटपणे लिहिली. ओळखीचे पाखरू पुनः पुन्हा लिहिण्यात कीर्ती नाही. म्हणूनच त्यात प्रामाणिकपणाची कसोटी आहे.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षे झाली. वह्या माझ्याकडे आहेत, आणि रविवारचा क्रमही माझ्या घरी कसाबसा चालू आहे. गेल्या ज्येष्ठात माझी एक विद्यार्थिनी टेकडीवरून धापा टाकीत आली. चेहऱ्यावर तेच तेज होते, जे एके काळी माझ्या चेहऱ्यावर असले पाहिजे. मी वही उघडली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, चातक लिहू नका. तुरा मला नीट दिसला नाही. चातक असावा, असं लिहा.” मी तसे लिहिले आणि शेवटच्या रकान्यात तिचे नाव घातले. त्या वर्षीच्या आलेखावर पहिला ठिपका पाच दिवसांनी, दुसऱ्याच कोणाच्या नावाने पडला. पण त्या वहीतील ज्या थोड्या नोंदींवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन, त्यांत ही एक आहे.